गेटवर उभा कंटेनर

आमच्या पूर्णा गावच्या गोदामातून परदेशांत मदतीची बिस्किटं जातात. तिथले सुपरवायझर काका ड्युटीवर आले की आधी भिंतीवरचा नकाशा बघतात, मगच चहा घेतात. कुठल्या मुलखात किती उपासमार आहे, ते त्यावर पाच रंगांत दिसतं. देशोदेशीच्या सरकारांनी हे रंग मानलेत. मदत त्यांवरूनच सुटते. चौथा, लाल रंग दिसला की काका ऑर्डरची वाट न बघता कंटेनर भरून गेटवर उभा करतात आणि जेवणाचा डबा न उघडता फोनकडे बघत बसतात.

परवा एक लाल मुलूख काळपट झाला. पाचवा रंग, म्हणजे माणसं मरायला लागली. त्याच दिवशी ऑर्डर आली.

"काका, केवढी मोठी ऑर्डर हाय!" मी म्हणालो.

"आता सगल्यांना पटलं ना," कंटेनरला सील लावत ते म्हणाले. "खाणारे कमी झाल्यावर."