तळ्याकडे उघडलेली खिडकी

सरोवराच्या काठी वसलेल्या त्या लहानशा नगरात घराचे मोल पाणी ठरवते. ज्या गवाक्षातून जल दिसते त्या खोलीचे भाडे वेगळे, आणि जिच्यातून शेजाऱ्याची मोरी दिसते तिचे वेगळे. होड्या दुरुस्त करणाऱ्या त्या सुताराला हे ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. परंतु ठाऊक असणे आणि ऐन वेळी आठवणे या दोन भिन्न गोष्टी होत.

त्याची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाशी होती. तळ्याच्या बाजूची तिची खिडकी कुण्या जुन्या भाडेकरूने फळ्या ठोकून बंद केली होती. त्यावर चुन्याचे इतके हात बसले होते की ती भिंतच वाटे. दिवसाही दिवा लावावा लागे, आणि म्हणूनच ती खोली त्याला परवडे. टेकूंवर चढवलेल्या होडीखाली निजून फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकायची, वर डांबर भरायचे, आणि दुपारच्या सुट्टीत धावत येऊन अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवायचे, असा त्याचा नित्यक्रम होता. कामाच्या इतक्या जवळ, त्याच्या ऐपतीतली दुसरी खोली गावात नव्हती. ही सुटली असती तर आईला दिवसभर पाणी द्यायलाही कोणी उरले नसते.

उन्हाळ्यात आईचा दमा बळावला.

"अरे, जीव कोंडतोय माझा. भिंतीला एखादं भोक तरी पाड."

"भोक पाडलं तर मालकीणबाई मला पाडतील."

"पडशील तर पड. आधी वारा येऊ दे!"

हसत हसत त्याने पटाशी उचलली. एक फळी काढून तो थांबता तर वाऱ्यापुरता वारा आला असता. परंतु त्याच्या हाताला अर्धवट काम सोडण्याची सवयच नव्हती. त्याने सगळ्या फळ्या काढल्या, चौकट घासली, कुजका भाग कापून तिथे होडीच्या उरल्यासुरल्या लाकडाचा तुकडा बेमालूम सांधला, बिजागऱ्यांना तेल दिले. तावदाने उघडताच अवघे सरोवर खोलीत आले. त्याने आईचा पलंग खिडकीशी ओढला. तिचा श्वास मोकळा झाला, आणि जीभही.

"ती बघ, ती होडी वाकडी चाललीय. तूच दुरुस्त केलेली दिसते."

थोड्याच दिवसांत छपरावरची पाण्याची टाकी पाहायला मालकीणबाई वर आल्या. दार उघडे होते. त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"अगंबाई! इथून तळं दिसतं?"

सुताराच्या तोंडचे पाणी पळाले. "बाई, मी परत फळ्या ठोकतो. आत्ताच्या आत्ता. तुम्ही पाहिलंच नाही असं समजा."

"असं कसं समजू, दादा? सीझनमध्ये लोक अशाच खोलीसाठी दारोदार फिरतात. माझंही घर यावरच चालतं." त्यांचा स्वर कठोर नव्हता, आणि त्यामुळे भांडायलाही जागा उरली नाही. "महिनाअखेरपर्यंत बघा कुठेतरी."

त्याने गावातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. जी खोली जवळ मिळे ती पाण्याने आधीच महाग केलेली. बरोबरीच्या कारागिराने होड्यांच्या छपराखालची जागा देऊ केली. पण तिथे डांबराचा धूर होता, आणि आई त्यात एक दिवसही तगली नसती. बसने जायच्या गावात परवडणारे घर होते. मग दुपारी तिला भरवणार कोण?

एका सकाळी त्याने खिळे तोंडात धरून पहिली फळी पुन्हा चौकटीला लावली.

आई म्हणाली, "राहू दे रे. आता भिंत केलीस तरी त्यांना दिसायचं ते दिसलंय. आहोत तोवर श्वास तरी घेऊ दे."

त्याने फळी खाली ठेवली. तोच जिन्यावर पावले वाजली. मालकीणबाई परगावच्या दोन पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या.

"दादा, जरा पलंग बाजूला घ्याल? यांना खिडकीशी उभं राहायचंय."

त्याने आईसकट पलंग ओढला आणि आतल्या भिंतीला लावला. पाहुणे खिडकीत वाकून उभे राहिले; त्यांच्या पाठींनी सगळा उजेड अडवला. आईला खोकल्याची उबळ आली. लोकांसमोर नको म्हणून तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. सुतार तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

"चौकट छान आहे हो," पाहुण्यांतला एकजण म्हणाला. "नवी बसवलीत?"