तोंडात टाचण्या

बाजारामागच्या गल्लीत कपडे शिवणाऱ्या एका गृहस्थांना सगळे 'का-काका' म्हणत. तोंडावर नुसतं काका. पहिला 'का' त्यांची पाठ वळल्यावर लागायचा. तो त्यांनी स्वतःच्या मेहनतीने मिळवला होता. कुणी बाही आखूड करायला आणली की काका विचारणार, "का?" कंबर सैल करायची? का? जेवण वाढलं की चालणं कमी झालं? मग चालणं का कमी झालं? चौकशी पुरी झाल्याखेरीज कात्री कापडाला लागत नसे. यात कुचकेपणा नव्हता. माणूस या प्राण्याबद्दल त्यांना कुतूहलच अफाट होतं. आणि त्यांनी शिवलेली शिवण कधी उसवली नाही, त्यामुळे लोक उत्तरं देत राहिले.

फक्त एका माणसापुढे काकांची डाळ शिजत नसे. ती त्यांची सोळा वर्षांची लेक. घरात माणसं दोनच, त्यातलं एक बोलेनासं झालेलं.

एके काळी ही पोर बोलायला लागली की तिला श्वास घ्यायची आठवण करून द्यावी लागे. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत चार चौकटींची एक चित्रकथा यायची. त्यात फुगा नावाचा गुबगुबीत पोरगा, पाठीपेक्षा मोठं दप्तर वाहणारा दप्तऱ्या, एक आगाऊ बोकड आणि पिवळ्या फ्रॉकातली फिरकी. काहीही घडो, शेवटच्या चौकटीत फिरकी हसायचीच. काका लेकीला मांडीवर घेऊन ती वाचून दाखवत. बोकडाचा आवाज तर असा काढत की शेजारी दार उघडून बघत.

आता मात्र "हं", "काही नाही" आणि "जेवले" एवढ्या तीन उत्तरांवर घर चाललं होतं. त्यानंतर खोलीची कडी. माझ्या हसऱ्या पोरीचं झालं तरी काय, हा एकच प्रश्न काकांना दिवसभर कुरतडायचा. त्याचं उत्तर देणारं गिऱ्हाईक काही दुकानात येत नव्हतं.

आली ती लेकीच्या कॉलेजच्या नाटकाची दिग्दर्शिका. "काका, कपडे शिवायचेत. फिरकी आणि मंडळी सोळा वर्षांची झाली तर काय होईल, असं नाटक आहे."

"का?" काका म्हणाले.

"म्हणजे बघा, फुगा आता जेवतच नाही. दप्तऱ्याने शाळा सोडलीय. फिरकी खोलीबाहेर येत नाही."

काकांच्या हातातला खडू थबकला. "आणि बोकड?"

"बोकड पहिल्याच प्रवेशात मरतो."

काका जरा वेळ कुणी जवळचं गेल्यासारखे बसले. मग म्हणाले, "फिरकीचं काम कोण करतंय?"

"म्हणजे? तिने घरी सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. काकांनी लेकीच्या जुन्या मापावर अंदाज बांधला आणि जीव ओतून पिवळा फ्रॉक शिवला. फुगीर बाह्या, हिरवी बटणं, खाली झालर, सगळं जसंच्या तसं, फक्त सोळा वर्षांच्या अंगाला बेतलेलं. दिग्दर्शिकेने तो लेकीला घालून पाहिला आणि स्वतःच हिरमुसली.

"काका, हा फार छान बसलाय."

"मग?"

"तेच तर चुकलंय. चित्रातल्या माणसांनी कधी कपडे बदललेत का? मुलं वाढली, फ्रॉक तोच राहिला. तो घट्ट हवा."

उभ्या आयुष्यात काकांनी मुद्दाम वाईट बसणारा कपडा शिवला नव्हता. दोनदा उसवून शिवला, दोन्ही वेळा हात आपोआप योग्य मापावर जाऊन थांबला. शेवटी लेकीला दुकानात स्टुलावर उभं करून अंगावरच टाचायचं ठरलं. टाचणी लावताना काकांच्या ओठांत टाचण्यांची रांग असे. त्या वेळी बोलायची सोय नाही. त्यांनी काखेकडे बोट दाखवलं आणि भुवया वर केल्या. कुठे घट्ट होतंय?

"इथे," लेक म्हणाली. मग आरशात स्वतःकडे बघत म्हणाली, "बाबा, फिरकीला शेवटी हसावंच लागायचं ना?"

काकांनी मान हलवली.

"रडू आलं तरी?"

काकांच्या घशात एक 'का' उसळला आणि टाचण्यांना अडून परत गेला.

"तुम्ही रोज दारातच विचारता, आज काय गंमत झाली? गंमत नसली की मी काय सांगू? आधी मी खोट्या गमती सांगायचे. नंतर त्याही सुचेनात." ती बाही जोडतात त्या मुंढ्याकडे बघत होती. "माझी मैत्रीण आता माझ्याशी बोलत नाही. मधल्या सुट्टीत मी जिन्यात बसते. का बोलत नाही ते मलाही ठाऊक नाही, त्यामुळे ते विचारू नका."

काकांनी विचारलं नाही. विचारता येतच नव्हतं. टाचण्या एकेक करून फ्रॉकात गेल्या, आणि तेवढ्या वेळात त्यांना अख्ख्या वर्षाचं ऐकायला मिळालं. शेवटची टाचणी लागली तेव्हा त्यांचं तोंड मोकळं झालं. त्यांनी पटकन टाचण्या खोचायच्या उशीतली आणखी एक टाचणी उचलून ओठांत धरली. तिचं काहीच काम नव्हतं.

प्रयोगाला अर्धी गल्ली आली. शेवटी फिरकीने खोलीचं दार उघडायला हात वर केला, आणि शांत नाट्यगृहात 'टर्र' असा आवाज झाला. पिवळ्या फ्रॉकाचा मुंढा काखेपासून उसवला. फिरकी हसली नाही. हात तसाच वर धरून ती सरळ समोर बघत राहिली.

दुकानाशेजारचे चष्मेवाले काकांना कोपराने ढोसून म्हणाले, "अहो, तुमची शिवण गेली! का हो?"

तिथे कच्चा टाका काकांनीच घातला होता, कुणी सांगितलेलं नसताना. "उसवू द्या," एवढंच ते म्हणाले.

नाटकानंतर बापलेक चालत घरी निघाले. लेकीच्या खांद्यावर शाल, शालीखाली उसवलेला फ्रॉक. काकांच्या जिभेवर 'आज काय गंमत' येऊन बसलं होतं. त्यांनी कॉलरमागे खोचलेली टाचणी काढली आणि ओठांत धरली.

"बाबा! रस्त्यात गिळाल ती!" लेक म्हणाली. तिने टाचणी काढून घेतली, आपल्या शालीला लावली, आणि सांगायला लागली. वळणापर्यंत काकांनी एकदाही 'का' विचारलं नाही. पुढे एकदा विचारलं, पण ते बोकडाबद्दल होतं. तेवढी माफी तिने दिली.