पापलेटची खाज

"खाजव रं बाबा, खाजव. पर रगत नको काडू."

मावशी असं बोलली की मी पटकन हात मागे घ्यायचो. मला वाटायचं, मलाच बोलली. कारण तिचा कुत्रा खाजवायला लागला की मीही खाजवायचो. नुसतं बघून. डोकं तेवढंच. शाळेनं मला तिसरीतच ओळखलं होतं.

खाडीकाठच्या राई गावात तिच्या घरामागच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो आणि रिक्षा चालवायचो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. रोज सकाळी मावशी सुक्या मासळीची टोपली घेऊन माझ्या रिक्षात बसायची आणि स्टेशनजवळच्या बाजारात उतरायची. तिच्यानंतर बसणारं गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावूनच बसायचं.

"मावशी, तुझ्या वासानं माझा धंदा बसला."

"तुझा धंदा उभा कवा व्हता रं?"

घरात ती आणि कुत्रा, बस. पिल्लू असताना तो पांढरा आणि चपटा होता, म्हणून नाव पापलेट. त्याला कामही होतं. अंगणात बांबूवर बोंबील वाळत असायचे, खाली जवळा पसरलेला. कावळे आणि मांजरं हाकलायची ड्युटी पापलेटची. पगार म्हणून खाली पडेल ते त्याचं. शिवाय रात्री मावशी आपल्या ताटातलं मांदेलीचं कालवण त्याच्या भातावर ओतायची. मला डाळ.

मग त्याची खाज सुरू झाली. आधी कानामागं, मग काखेत, मग शेपटीच्या बुडाशी. केस गेले, कातडी लाल आणि जाड झाली. खाजवताना त्याचा पाय दाराच्या पत्र्यावर धाडधाड आपटायचा. पंजे चावून चावून ओले. तुम्ही असा कुत्रा पाहिला असेल. तो आपल्याकडे बघतो तेव्हा आपण दुसरीकडे बघतो. मावशी बघायची. मांडीवर त्याचं डोकं घेऊन बोटांनी हळूहळू चोळत बसायची, झोप लागली तर बसल्या बसल्या.

कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं. खोबरेलात गंधक झालं. कुणी सांगितलं म्हणून मिठागरातलं पाणी आणून अंघोळ घातली, तर तो असा किंचाळला की मावशीनं बादलीच फेकून दिली.

मग मी अक्कल चालवली. रिक्षाचं जळकं काळं ऑइल लावायचं, आमच्या गॅरेजवाल्यांचा रामबाण उपाय. मी त्याला पकडून चोपडलं. त्यानं अंग झाडलं. माझा खाकी शर्ट, रिक्षाचं सीट, मी, सगळे काळे. मावशी बाजारातून आली, लुगड्याच्या पदरानं त्याला पुसत बसली आणि रडायला लागली. "तुझ्या रिक्षाला लाव की रं! त्यो काय इंजन हाय?" मी काळ्या तोंडानं उभा. त्या दिवशी मला डाळही नाही.

गावात बोलणं सुरू झालं. खरूज आहे, पोरांना लागेल. बाजारात गिऱ्हाईकं तिच्या टोपलीवरून पुढं जायला लागली. एका सकाळी शेजारचे दोघं गोणी घेऊनच आले, खाडीपलीकडं सोडून येतो म्हणाले. मावशी कोयता घेऊन उंबऱ्यात बसली.

"आदी मना घाला गोनीत."

"मावशी, तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"माजा भला? मंग मना दोन गोनी लागतील. एकीत मी मावत न्हाय."

ते हसले आणि गेले. पण जाताना सांगून गेले, होळीपर्यंत बघू, नाहीतर तू नसताना नेऊ. त्या दिवशी ती बाजारात गेलीच नाही.

मी रिक्षा काढली. पापलेटला मांडीवर घेऊन मावशी बसली आणि आम्ही मीरा रोडला जनावरांच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टरनं कातडी खरवडून काचेवर घेतली, आत जाऊन बघितली. आल्यावर म्हणाला, "खरूज नाहीये. कुणाला लागणार नाही. ॲलर्जी वाटतेय. खायला काय देता?"

मावशी खूश. "काय न्हाय देत ते इचारा. बोंबील, जवला, मांदेली. राजावानी खातो."

"मासळी पूर्ण बंद. तुकडासुद्धा नाही. भात, डाळ, बटाटा. आणि ते ऑइल कुठल्या शहाण्यानं लावलं?"

मी भिंतीवरचा गाईचा फोटो बघत राहिलो.

बाहेर आल्यावर मावशीनं पापलेटला पुन्हा मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "कोल्याच्या घरात मासली बंद? त्यापरीस हवा बंद करा म्हनायचा."

तरी तिनं केलं. त्याला बांधला, तर ओरडून दोरी चावली. आत कोंडला, तर दार खरवडून नखं तुटली. तोंडाला जाळी घातली, तर जाळीतून जवळा चाटला. जमिनीतच मासळी मुरलेली. जरा बरं वाटायचं, की कुठूनतरी एक बोंबील त्याच्या पोटात जायचा आणि पुन्हा रक्त.

होळी तोंडावर आली, तेव्हा एका सकाळी स्टेशनजवळच्या धान्याच्या दुकानासमोर मावशीनं रिक्षा थांबवायला सांगितली. दुकान एका गुजराती शेठचं. टोपलीमुळं ती कधी पायरी चढायची नाही, रस्त्यातूनच तांदूळ मागायची. त्या दिवशी रस्त्यातूनच तिनं कुत्रा देऊ केला.

"शेट, तुमच्या गोदामात उंदीर हाय ना? माजा कुत्रा ठेवा. पर त्याला मासली द्यायची न्हाय."

शेठ माझ्याकडं बघायला लागला. "मावशी, हमारे यहाँ तो लसूण भी नहीं आता."

"म्हनून तर इचारते."

शेठ तयार झाला, दुसऱ्या दिवशी आम्ही पापलेटला नेऊन सोडला. अडचण एकच, नावाची. "दुकान में खड़ा होके मैं पापलेट, पापलेट चिल्लाऊँ? घरवाली मेरेको बाहर निकालेगी." त्याचं नाव हिरा झालं. मावशी मान हलवून हो म्हणाली. परत येताना रिक्षात तिनं तोंड बाहेर काढून ठेवलं होतं. मी रिक्षा हळू चालवली. आयुष्यात पहिल्यांदाच.

काही दिवसांनी ती त्याला भेटायला गेली. साबणानं अंघोळ, धुतलेलं लुगडं, हाताला लिंबू चोळलेलं. पापलेट असा धावला की शेठचं डाळीचं पिंप आडवं. तो तिचे हात चाटत सुटला. बोटं, बोटांच्या बेचक्या, नखं. जन्मभराची मासळी नखांत बसलेली, ती लिंबानं जाते होय? दोन दिवसांत त्याची काख पुन्हा लाल.

शेठनं मला सांगितलं. मला मावशीला सांगणं भाग होतं. मावशीनं आपले हात उलटेपालटे करून बघितले.

"मंग मीच त्याची खाज हाय," ती म्हणाली.

त्यानंतर तिनं दुकानावरून जाणं सोडलं. रिक्षा मागच्या गल्लीनं, खड्ड्यांतून घ्यायला लावायची. मी बोंबलायचो, माझी कंबर मोडली, रिक्षा मोडली. ती एवढंच विचारायची, "तू बगितलास? केस आलं?"

"आलं मावशी."

"कानामागं?"

"कानामागंपण. जाड झालाय. शेठसारखा दिसतो."

मग ती खूप हसायची आणि टोपलीवरचं फडकं उगाच नीट करायची.

पुढच्या पावसाळ्यात ती तापानं गेली. केसांसकट पापलेट तिनं शेवटपर्यंत पाहिला नाही.

ती गेल्यावर मागच्या गल्लीनं जायचं काही कारण उरलं नाही. दुकानासमोर मी रिक्षा लावली, विडी पेटवली. पापलेट पायरीवर पडला होता, पांढराशुभ्र, एक खपली नाही. त्यानं नाक उचललं. उठला, रिक्षाजवळ आला आणि मागच्या सीटवर चढला. ती बसायची त्या कोपऱ्यात, टोपलीच्या डागावर नाक ठेवून पडून राहिला. खाजवत नव्हता.

एक गिऱ्हाईक आलं. "राई?"

मी म्हटलं, "गाडी भरलेली आहे."