सासऱ्यासमोर ऑन

"छताले उलटी चिकटलेली पाल बी ऑनच काऊन जी बाई? थे त खाली लोंबून राह्यली!"

"लोंबू दे. टेकलेली हाय न? टेकलं म्हंजे ऑन."

"अन् सुटून माह्या डोक्यावर पडली त?"

"त बी ऑनच. तुह्या डोक्यावर."

कोकिळा खिदळली. टोपल्याखालचं वांगं तिनं टोपल्यावर ठेवलं अन् म्हणाली, "ऑन." परत खाली सारलं, "अंडर."

डोणगावच्या माळ्याची ही सून. तिला इंग्रजी शिकवणारी अन्नपूर्णाबाई, शाळेच्या मास्तरांची बायको. नागपूरची नर्सम्याडम बाळंतिणींच्या कॅम्पाला आली होती आणि तिला हाताखाली गावातली एक बाई पाहिजे होती. म्याडम मूळची परमुलखातली, तिला मराठी येईना, हिंदी तोडकीमोडकी. काय खाटेवर ठेवायचं, काय खाटेखाली, एवढं इंग्रजीतून समजलं तरी पुरे, असं तिनं सांगितलं होतं. कोकिळेचं पहिलं पोर बाळंतपणात दाईच्या हातातच दगावलं होतं. रडून झालं होतं, आता तिला ते काम शिकायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी कॅम्पासाठी घेतलेल्या शाळेच्या खोलीत म्याडमनं तिला पारखायला बाजेकडं बोट केलं. "सिट ऑन द कॉट."

कोकिळेला लख्ख समजलं. पण दारात सासरा उभा. पुंजाजी सुनेसोबत आला होता, अन् सासऱ्यासमोर बाजेवर बसलेली सून डोणगावानं पाहिली नव्हती. कोकिळेनं पदर ओढला अन् सरळ बाजेखाली शिरली.

"नो, नो! ऑन!"

"समजलं जी म्याडम," खालून आवाज आला. "पन मामाजी हायेत न!"

म्याडमनं पुंजाजीला हात हलवून बाहेर जायला सांगितलं. त्याला वाटलं, बाई मान देऊन राह्यली. तो आत आला, पागोटं सावरलं अन् बाजेवर ऐसपैस बसला.

झाली पंचाईत. म्याडम कपाळाला हात लावून दुसरी बाई बोलवायला वळली. तेवढ्यात बाज करकरली. कोकिळेनं खालून बाजेच्या विणलेल्या सुंभात हातापायांची बोटं अडकवली, अंग जमिनीवरून उचललं अन् पालीसारखी चिकटून ओरडली, "ऑन द कॉट, म्याडम!"

म्याडम वाकली. वरून सासरा ऑन, खालून सून ऑन.

"काय म्हनून राह्यली वं?" पुंजाजी वरून गुरकावला. "माहं नाव त नाई घेतलं?"

"नाई जी मामाजी. तुमी हालू नोका फक्त, सुंभ बोटाले कापते!"

म्याडम हसता हसता भुईवर बसली. मग तिनं बाहेर आलेल्या कोकिळेचा पंजा हातात घेऊन दाबून पाहिला. "हाथ पक्का है. कल से आना."

कोकिळेनं लुगड्याची धूळ झटकली. पुंजाजी अजून बाजेवरच होता, चहा येते का म्हणून वाट पाहत.

"मामाजी, उठा आता. बैलं मोटेवर उभे हायेत."

तो मोट हाकायला गेला. तिनं फावडं घेतलं अन् मोटेचं पाणी वांग्याच्या वाफ्यात वळवलं.