बंडप्पानं चढवलेली सुई

बंडप्पा वारल्याचं धोंडीबाला आठ दिवसांनी कळलं. तेही माकणी पाटीवर, म्हणजे गावाच्या फाट्यावर, चहा पिताना, कुणीतरी विषय काढला म्हणून. "तुमचा जिवाभावाचा माणूस, तुमाला तर ठाऊकच असंल," असं बोलणारा म्हणाला आणि धोंडीबानं नुसती मान हलवली.

ठाऊक नव्हतं. तसं बंडप्पाबद्दल त्याला कधीच फारसं काही ठाऊक नव्हतं. वीस वर्षांत त्याच्या घराचा उंबरा त्यानं एकदाही ओलांडला नव्हता. बंडप्पाची बायको कशानं गेली, तो मूळचा कुठला, काम करता करता फोन कानाला लावून हळू आवाजात कानडीत कुणाशी बोलायचा, यातलं काहीही त्यानं विचारलं नाही. विचारायला जीभ रेटायची नाही. त्याला माहीत होते ते बंडप्पाचे हात, आणि इंजिनाकडं झुकलेला त्याचा उजवा कान. तेवढ्यावर आपण माणूस ओळखतो, असं त्यानं धरून चालवलं होतं.

धोंडीबा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता. दोन हजार चार साली त्यानं शंभर सीसीची मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच महिन्यात ती पाटीवरच्या बंडप्पा मेकॅनिककडं नेली. बंडप्पा वयानं लहान, तरी पहिल्या दिवसापासून त्याला 'इन्स्पेक्टर' म्हणायचा. निवृत्तीनंतरही म्हणायचा.

"काय इन्स्पेक्टर, आज कुणाचं पाणी तोडून आलाव?"

"तुझ्याच मेव्हण्याचं."

"तोडा, तोडा. लई माजलाय."

बंडप्पाची कार्बोरेटर लावायची, पेट्रोल-हवेचा मेळ बसवायची, तऱ्हा वेगळी होती. थंड गाडीला तो हात लावायचा नाही. "धरणापत्तर जाऊन या आधी," म्हणायचा. इंजिन तापून आलं की लाकडी पाटावर बसायचा आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला हात वर करून इशारा करायचा. गिरणीवाला शिव्या घालत गिरणी थांबवायचा. दळणाला आलेल्या बाया ताटकळत उभ्या राहायच्या. त्या शांततेत बंडप्पा हवेचा स्क्रू केसभर फिरवायचा, थांबायचा, पुन्हा केसभर फिरवायचा.

"ऐका, आता गुदमरतीय बघा. पेट्रोल जास्त, हवा कमी. आता ठसकतीय. उलटं झालं. हां, आता आली सुरात."

धोंडीबाला आधी काहीच कळायचं नाही. ऐकून ऐकून पुढं थोडं कळायला लागलं. धूर काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय, निळा असला तर पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल जळतंय, हेही बंडप्पानंच त्याला शिकवलं होतं.

काम मनासारखं झालं की बंडप्पा हात पुसायचा, खिशातली पितळी डबी काढायचा आणि कार्बोरेटरवर तीन बोटं विभूतीची ओढायचा. मनासारखं झालं नाही तर विभूती नाही. एका पुढाऱ्याची जीप त्यानं तशीच परत दिली होती. पुढारी म्हणाला, "मलाबी लाव की रे ते." बंडप्पा म्हणाला, "गाडी अजून खोटं बोलतीय, साहेब. खोट्याला विभूती न्हाय लावत म्या."

गाडीला पंधरा वर्षं झाली तेव्हा धाराशिवला तिची पुन्हा तपासणी झाली आणि पाच वर्षांची मुदत मिळाली. ती मुदत गेल्या आषाढात संपत होती. धुराच्या चाचणीत गाडी पास झाली तर पुढची पाच वर्षं मिळणार, नाही तर गाडी भंगारात. धोंडीबाला दुसरं काही नको होतं. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं धरणापर्यंत जायचं, दारांवरचं पाणी बघायचं आणि परत यायचं, एवढाच त्याचा दिवस होता. ते गेलं की उरली असती ओसरीतली खुर्ची.

पण त्याआधी पौषात एक गोष्ट घडली होती. समोरून उन्हाची तिरीप आली आणि धोंडीबा गाडीसकट ज्वारीत शिरला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. डाव्या डोळ्यानं नीट दिसत नव्हतं, हे त्याला माहीत होतं. बायकोलाही, सारजाबाईलाही, माहीत होतं. ती तेव्हा काही बोलली नाही.

तपासणीच्या आधी त्यानं गाडी नेहमीसारखी बंडप्पाकडं टाकली. परत आणली ती जड वाटली. चढाला भकभक करायची, मागं काळा धूर, अंगणात पेट्रोलचा वास. लोहारा गावात धुराची चाचणी करणारा म्हणाला, "काका, आकडा पार वर गेलाय. ह्यात न्हाय बसत." धोंडीबा तसाच पाटीवर आला.

बंडप्पानं गाडी चालू केली. गिरणी थांबवायला सांगितली नाही. घटकाभर रेस दिली आणि बंद केली.

"रिंगा गेल्या, इन्स्पेक्टर. वय झालं इंजिनाचं."

"परवापत्तर तर बरी चालत होती."

"अशीच जातेत. द्या आता भंगारात. न्हायतर राहू द्या अंगणात उभी, नातवंडं बसतील वर." तो हसला, पण वर बघितलं नाही.

"कार्बेटर तरी बघतो का एकदा?"

"बघितलंय की. चोख लावलंय."

"विभूती?"

"डबी रिकामी हाय."

धोंडीबा तशीच भकभकणारी गाडी घेऊन घरी आला. दोन दिवस तो ओसरीत बसून तिच्याकडं बघत राहिला. रिंगा गेल्या तर धूर निळा पाहिजे. हा काळा. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं प्लग काढला. प्लगवर काजळी, कोरडी, बोटाला लागणारी. ऑइलचा टिपूस नाही. मग भीत भीत त्यानं कार्बोरेटरचं झाकण उघडलं आणि आतली सुई बाहेर काढली.

सुईला पाच खाचा असतात आणि एका खाचेत बारकी क्लिप. क्लिप जेवढी खाली, सुई तेवढी वर, आणि पेट्रोल तेवढं जास्त. बंडप्पा या गाडीला क्लिप नेहमी मधल्या खाचेत बसवायचा. आता ती सगळ्यात खालच्या खाचेत होती. हवेचा स्क्रूही आवळून पार बंद केलेला. एखादी गोष्ट चुकून झाली असती. दोन्ही एकदम, आणि बंडप्पाच्या हातून, चुकून होणं शक्य नव्हतं.

सारजाबाई चहा घेऊन आली. त्याच्या हातातली सुई बघून ती तिथंच थांबली.

"कळलं का?" ती म्हणाली.

"तुलाबी ठाऊक होतं?"

"म्याच गेले होते त्याच्याकडं. म्हणलं, भाऊ, तुमचं ऐकतेत ते, डोळ्याचं तुमीच सांगा त्यांना. तर म्हणाला, वैनी, तोंडावर न्हाय व्हायचं माझ्याच्यानं. म्या माझ्या परीनं करतो." मग जरा थांबून म्हणाली, "काय करतो ते न्हाय इचारलं म्या. पण धूर बघितला तवा कळलं."

"आन गप बसलीस."

"व्हय. बसले."

धोंडीबानं चहा घेतला नाही. डोळ्याचं कुणी तोंडावर बोललं असतं तर तो चार दिवस रागावला असता, मग कदाचित ऐकलंही असतं. पण बंडप्पानं त्याच्या डोळ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तो इंजिनाबद्दल खोटं बोलला. ज्या एका गोष्टीवर त्यांची सगळी ओळख उभी होती, नेमकी तीच त्यानं वापरली. ज्यानं गाडीचं खरंखोटं ओळखायला शिकवलं, त्यानंच आपल्याला कळणार नाही असं गृहीत धरलं होतं. धोंडीबाला यातलं कुठलं जास्त लागलं, हे त्याला सांगता आलं नसतं.

त्यानं क्लिप मधल्या खाचेत बसवली. बसवताना ती दोनदा धुळीत पडली. गाडी धरणापर्यंत नेऊन तापवून आणली आणि अंगणात उकिडवा बसला. सारजाबाईला म्हणाला, "टीवी बंद कर." तिनं केला. त्यानं स्क्रू केसभर मोकळा केला. इंजिन वर आलं. आणखी केसभर. ठसकलं. जरा मागं घेतला. सूर लागला. आपल्याला ऐकू आलं, यावर त्याचाच विश्वास बसेना. फेरी मारून प्लग काढला तर त्याचा रंग भाजलेल्या विटेसारखा होता.

लोहाऱ्याच्या चाचणीत आकडा बसला. पुढच्या आठवड्यात तो रस्त्याच्या डाव्या कडेनं सावकाश गाडी हाकत धाराशिवला गेला आणि पाच वर्षं घेऊन आला. परतीच्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं, की जन्मात पहिल्यांदा त्यानं कार्बोरेटर लावला होता, आणि तो किती नीट लागलाय हे कळणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता.

पाटीवर गाडी आपोआप हळू झाली. बंडप्पा पाठमोरा बसला होता. आवाज कानावर पडताच गिरणीकडं त्याचा हात वर गेला, आणि अर्ध्यातून खाली आला. तो वळला. गाडीकडं बघितलं. त्याला सगळं कळलं, हे धोंडीबाला दिसलं.

धोंडीबानं इंजिन बंद केलं नाही. बंडप्पा एक वाक्य बोलेल म्हणून तो थांबला होता. आपण एक वाक्य विचारावं म्हणून बंडप्पाही थांबला असेल, असं त्याला आता वाटतं. त्यानंतर महिन्याभरात बंडप्पानं दुकान आवरलं आणि आळंदला लेकीकडं गेला. दिवाळीत तिथंच वारला. पाटीवरची ती भेट शेवटची ठरली, आणि त्या भेटीत बोलणं झालं ते एवढंच.

"धाराशिवहून का?"

"व्हय."

"रस्ता कसा हाय?"

"बराय. खड्डे हायेत मधी मधी."

"चहा घेता?"

"नगं. घरी वाट बघतेत."

"मागच्या चाकात हवा कमी दिसतीय."

"बघतो," धोंडीबा म्हणाला.