अक्काला चटका लागला!

या रविवारी रेणापूरला आमच्या स्वयंपाकघरात एक भाकरी करपून पार कोळसा झाली... आणि घरातल्या एकाही माणसाने नाक मुरडलं नाही! सगळे हसत होते, रडत होते आणि मी वेड्यासारखी मोबाईल शोधत होते.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

शोभाअक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी नांदेड जिल्ह्यातली, नायगावची. लग्न होऊन आले तेव्हापासून एकच ऐकलं, अक्कासारखी भाकरी कर. अक्का तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी पलटायची, जाळावर धरून फुगवायची, आणि तोंडातून हूं की चूं नाही! मी बापडी शेजारी उलथनं घेऊन उभी.

सासूबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, "आमच्या शोभाच्या हाताला चटकाच बसत न्हाई बघा. अन् या धाकटीला भाकरीला बी उलथनं लागतंय!" खरं सांगते, मला अक्काचा लई राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी अक्काच्या बोटावर लिंबाएवढा फोड आला. भाजल्याचं तिला कळलं ते फोड दिसल्यावर. मग हातातून पातेली निसटायला लागली, तळव्यावरचं मांस उतरत चाललं. लातूरला एमआरआय झाला आणि तिथून आम्ही थेट हैदराबादच्या मोठ्या हॉस्पिटलात.

तिथे कळलं, हे कौशल्य नव्हतंच... आजार होता. मेंदूचा खालचा भाग मानेत थोडा उतरलेला आणि त्यापायी मज्जारज्जूच्या आत पाणी साठून पोकळी झालेली. क्वचित कुणाला होतं असं. ती पोकळी गरम-गार आणि दुखणं कळवणाऱ्या नसांनाच आधी गाठते, स्पर्शाच्या नसा बऱ्याचदा वाचतात. म्हणून अक्काला पीठ किती मळलं ते बरोबर कळायचं, तवा तापलेला कळायचा नाही!

सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

ऑपरेशन झालं. डोक्याच्या मागचं थोडं हाड काढून आतली जागा मोकळी केली. सर्जननी आधीच स्पष्ट सांगितलं होतं... आजार इथे थांबावा म्हणून हे करतोय, गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. अक्काने एवढंच विचारलं, "येणार का न्हाई, ते कधी कळंल?"

आणि गंमत बघा, तिथली एक तरुण डॉक्टर मॅडम नेमकं तेच शोधतेय. अशा ऑपरेशननंतर जाणीव कधी येते, किती येते, कुणाला येते यावर तिचा रिसर्च. भाकरीची गोष्ट ऐकून बाई खुर्चीतून उठलीच! प्रत्येक पेशंटला विचारायच्या यादीत तिने नवा प्रश्न घातला, स्वयंपाक करताना चटका कळतो का? आमच्या घरची भाकरी रिसर्चमध्ये गेली हो!

अक्काने फॉर्मवर सही केली आणि घरच्या परीक्षेचं काम माझ्या गळ्यात पडलं. आम्ही दोघं आता लातूरला राहतो, म्हणून दर रविवारी मी रेणापूरला जायचं. स्टीलचे दोन सारखे ग्लास, एकात गरम पाणी, एकात माठातलं. अक्काने डोळे मिटायचे, मी ग्लास बोटांना लावायचा, ती सांगेल ते वहीत लिहायचं. रविवारमागून रविवार एकच शब्द... "सारखंच."

मग एका रविवारी अक्काची सगळी उत्तरं बरोबर! मी आनंदाने उडी मारणार, तेवढ्यात लक्षात आलं की ही हळूच मान पुढे करतेय. ग्लासातली वाफ गालाला लागली की "गरम" म्हणायचं! मी चिडलेच, "अक्का, कुणाला फसवतेस?" तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "माझ्यामुळं त्या मॅडमचं संशोधन नापास व्हाया नको गं."

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सारखंच" हेसुद्धा उत्तर आहे, पुढच्या पेशंटला खरं सांगता येईल त्यामुळे. त्या दिवसापासून ग्लासांवर झाकण आलं.

आता या रविवारचं. अक्काला भाकरी पलटायची सक्त मनाई, म्हणून तव्यापुढे मी. माझी भाकरी म्हणजे कुठल्यातरी देशाचा नकाशा... बघवेना तिला. "सर तिकडं," म्हणत पुढे आली आणि जुन्या सवयीने बोटं तव्यावर.

"आई गंऽऽऽ!"

अक्काने बोटं तोंडात घातली, माझ्याकडे बघितलं, आणि ही बाई पुन्हा तव्याकडे हात न्यायला लागली! मी मनगट धरलं, "अगं काय करतेस?" तर म्हणते, "परत बघू दे की एकदा!"

बोटं गार पाण्यात बुडवून ठेवली, मग झाकणवाले ग्लास काढले. उजवा हात अजून मुकाच आहे. पण डाव्या हाताची दोन बोटं... दहा वेळा लावला ग्लास, दहाही उत्तरं बरोबर! वहीत काय लिहू विचारलं, तर अक्का म्हणाली, "लिही... भाजलं." मॅडमना फोन केला तर त्या पलीकडून आमच्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या.

तोवर तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला होता. तो कोळसा सासूबाईंनी स्वतःच्या ताटात घेतला. मग उठल्या, माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि अक्काच्या हातात दिलं.

"हातानं पलटू नको माय... भाजतंय."

मॅडम, तुमचे लई लई उपकार. मी आता नवीन उलथनं घ्यायला बाजारात निघालेय!