मामेसासऱ्यांची साफसफाई

अख्ख्या चंदीगडात माझ्या मामेसासऱ्यांइतका लपवाछपवीचा वैरी दुसरा सापडायचा नाही. आमच्याकडे जेवायला आले, की हात धुण्याआधी वाकून पलंगाखाली बघायचे. बायकोनं घाईघाईनं सरकवलेला पसारा बाहेर ओढून म्हणायचे, "जावईबापू, झाकला म्हणून कचरा कमी होत नाही हो!" बायको माझ्याकडे डोळे वटारून बघायची, मामा मात्र खुशीत पोळीवर तूप वाढून घ्यायचे.

मोहालीतल्या इमारतींच्या नकाशांच्या ऑफिसात मी आणि मामा शेजारी बसायचो. दार, खुर्ची, यंत्र अशी चित्रं कॉम्प्युटरवर एकदा काढून ठेवायची आणि हवी तिथं चिकटवायची. त्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो. या ब्लॉकच्या पोटात मूळ काढणाऱ्यानं लपवलेल्या रेघा पडून असतात. दिसत नाहीत, छापल्या जात नाहीत, फाइल मात्र जड करून ठेवतात. त्या हुडकून पुसणं हे मामांचं व्रत. एकदा वॉशबेसिनच्या ब्लॉकमध्ये त्यांना कुणाचा तरी दुमजली बंगला सापडला. मामांनी सगळ्या ऑफिसला हाका मारल्या, "या, या, वास्तुशांत आहे!" सगळ्यांना चहा पाजला आणि मगच बंगला पुसला.

साहेबाला मामांचं हे वेड फार सोयीचं. रोजचा एकच धोशा, "मामाजी, फाइल हलकी कीजिए, जल्दी!" डेराबस्सीच्या औषध कारखान्याचं काम आलं तेव्हाही तेच. औषधं वाळवायच्या यंत्राच्या ब्लॉकमध्ये यंत्रापुढं एक लपवलेला चौकोन होता. यंत्राचं दार उघडायला लागणारी ती जागा. छापताना नको म्हणून कुणीतरी लपवून ठेवलेली. मामांना ती अडगळ वाटली. पुसली. जागा रिकामी दिसली म्हणून साहेबानं स्वतःच्या हातानं भिंत पुढं सरकवली, यंत्राची माहितीपुस्तिका न उघडता. भिंत उभी राहिली, यंत्र बसलं आणि दार वीतभर उघडून भिंतीवर आपटलं. तिथले सरदारजी फोनवर ओरडले, "दरवाजा तां खुल्लदा ई नहीं जी!"

कारखान्याच्या मालकासमोर साहेबानं सरळ मामांकडे बोट दाखवलं, "इन्होंने डिलीट किया." स्वतःच्या भिंतीबद्दल चकार शब्द नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हटलं, "मामा, बोला की काहीतरी!"

"पुसलं कुणी? मी. मग आणखी काय बोलायचं?" म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी राजीनामा देऊन मोकळे झाले. साहेबाचा राग आलाच, पण मामांचा जास्त आला. असला सज्जनपणा काय चुलीत घालायचाय? साहेब अजून त्याच खुर्चीत आहे, आणि सणासुदीला आम्हालाच प्रामाणिकपणावर भाषण देतो, मेला.

आता त्याच्या फाइली इतक्या जड झाल्यात, की उघडता उघडत नाहीत. निर्लज्जपणे त्यानं मलाच खरड गावी मामांच्या घरी पाठवलं, त्यांना परत बोलवायला. मामा बाल्कनीत उन्हात मटार सोलत बसले होते. निरोप ऐकून त्यांनी पुढची शेंग उचलली. मी लॅपटॉप उघडून पुढं ठेवला. वाटलं, हात शिवशिवतील. मामांनी हात पुसले, ब्लॉक उघडला, एक लपलेली रेघ पकडली. बोट बटणावर नेलं आणि तिथंच थांबले.

"कुणाची असेल हो ही?" त्यांनी मलाच विचारलं.

मला काय ठाऊक!

"राहू दे," मामा म्हणाले. "लागत असेल कुणाला तरी तेवढी जागा."

आणि त्यांनी मटारचं ताट पुन्हा मांडीवर ओढलं.